दक्षिणेचे ‘मूळ’ लोक कोण? आधी पाऊस आणि दगड पाहू

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरहून गाडीने हंपीला गेलो होतो. जवळच्या निंबापूर गावात राखेचा एक ढिगारा दाखवून गाइड म्हणाला, ही वालीची चिता. घरी येऊन वाचलं तर ते चार-पाच हजार वर्षांपूर्वीचं जळालेलं शेण आहे, असं सापडलं. खरं काय? दक्षिणेत सगळ्यांत आधी कोण राहत होतं? द्रविड लोक तिथलेच की बाहेरून आलेले? आणि महाराष्ट्र उत्तरेत धरायचा की दक्षिणेत?

राखेचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. ते शेणच. बाकीच्या प्रश्नांत मात्र गुंता आहे. ‘सगळ्यांत आधी कोण’ असं विचारताना आपण तीन गोष्टी एकाच वंशावळीत बसवायला निघतो: हाडामांसाची माणसं, ती बोलत असलेली भाषा आणि त्यांच्या हातची भांडी-हत्यारं. या तिन्हींचा प्रवास वेगवेगळा होतो. उकरून काढलेल्या खापराकडे बघून ते करणारी बाई घरात कुठली भाषा बोलत होती, हे सांगता येत नाही. म्हणून मी प्रश्न थोडा वळवून घेतो. कुठल्या जमिनीवर, कुठल्या काळात, लोक कसे जगत होते? हे विचारलं की बऱ्यापैकी पक्की उत्तरं मिळतात.

माझं काम पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणाचं. जास्त वर्षं कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबात, म्हणजे या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात गेली, थोडी विदर्भात. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार. केरळात किंवा तमिळनाडूत हयात घालवलेला माणूस हेच वेगळ्या टोकाकडून सांगेल.

तुम्ही ज्या रस्त्याने गेलात, त्याच रस्त्याने सुरुवात करू. सोलापूर सोडल्यावर विजापूर, म्हणजे आताचं विजयपुरा, मागे पडेपर्यंत सगळीकडे काळी माती आणि काळा कातळ. हा आपला दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. डोंगरांचे माथे सपाट, कडे पायऱ्यापायऱ्यांचे. आलमट्टीपाशी कृष्णा ओलांडली की चित्र बदलायला लागतं, आणि इरकलच्या आसपास रस्त्याकडेच्या खाणींत गुलाबी ग्रॅनाइट दिसतो. पुढे हंपीपर्यंत गोल गोट्यांचे डोंगर. हा दगड अडीचशे कोटी वर्षं आणि त्याहूनही जुना. मध्येमध्ये धारवाडी खडकांचे पट्टे आहेत, त्यांत लोखंड आहे आणि हट्टीसारख्या ठिकाणी सोनंही. इरकल लुगड्यांच्या गावाच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळे भूगोल आहेत असं म्हटलं, तर फारसं चुकणार नाही.

आता पाऊस. सह्याद्री तापीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर उभा आहे आणि त्यात एकच मोठी फट आहे, पालघाटची. निलगिरी आणि अनैमलै यांच्यामधली ही खिंड सुमारे तीस किलोमीटर रुंद. नैऋत्येचा पाऊस सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर कोसळतो. आगुंबेला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर, आणि तिथून पूर्वेला बळ्ळारीला जेमतेम पाचशे. तमिळ किनाऱ्याची गोष्ट आणखी निराळी, तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडून येणारा. पठार पूर्वेकडे कललेलं असल्यामुळे गोदावरी त्र्यंबकेश्वरला, म्हणजे अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावूनही उलटी फिरून बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णा, पेन्ना, कावेरी, वैगै, ताम्रपर्णी, सगळ्यांची दिशा तीच. म्हणजे दक्षिण ही एक सलग जागा नाहीच. ओला पश्चिम किनारा, डोंगरातलं जंगल, कोरडं पठार आणि पूर्वेचे सुपीक त्रिभुज प्रदेश यांत जगण्याच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की ‘दक्षिणेचा आद्य माणूस’ असा एकवचनी शोध सुरुवातीलाच अडखळतो.

सगळ्यांत जुना पुरावा कुठे मिळतो, तर जिथे हत्यारासाठी चांगला दगड आणि हाताशी पाणी आहे तिथे. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूवैज्ञानिकाला 30 मे 1863 रोजी मद्रासजवळच्या पल्लावरमला एक हातकुऱ्हाड मिळाली, आणि त्याच वर्षी पुढे चेन्नईच्या वायव्येला अत्तिरमपाक्कम हे स्थळ सापडलं. तिथल्या कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात क्वार्ट्झाइट या कठीण दगडाचे गोटे मुबलक. शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी तिथे पुढे वर्षानुवर्षं उत्खनन केलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कालमापनानुसार तिथली सर्वांत जुनी हत्यारं सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची निघतात. म्हणजे ती आपल्या प्रजातीच्या माणसाची नव्हेतच, त्याच्या कितीतरी आधीच्या मानवाची. कर्नाटकात हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी चुनखडीच्या फरशांची खाण आणि तिथेच हत्यारं घडवण्याची जागा शोधली, तीही दहा लाख वर्षांच्या पलीकडची. ‘सगळ्यांत आधी कोण’ याचं अक्षरशः उत्तर हवं असेल तर हे. पण तुम्हाला ते अभिप्रेत नसावं, कारण या लोकांचा आज कुणालाही वारसा सांगता येत नाही.

आंध्रातल्या ज्वालापुरमचा उल्लेख जाता जाता करतो. तिथे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून उडालेल्या राखेचा जाड थर आहे. (हंपीच्या राखेशी याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही राखा एकत्र करून लिहिलेले लेख मी वाचलेत.) थराच्या खाली आणि वर, दोन्हीकडे हत्यारं मिळाली आणि त्यांत फार फरक नाही, त्यावरून त्या स्फोटातून इथली माणसं तगली की नाही, असा मोठा वाद झाला. त्याच परिसरात पस्तीसेक हजार वर्षांपूर्वीची बारीक पात्यांची सूक्ष्मास्त्रं, म्हणजे इवलाली दगडी हत्यारं मिळतात. अशीच सूक्ष्मास्त्रं खूप नंतरच्या काळात अगदी दक्षिण टोकाला, तिरुनेलवेली-तुत्तुकुडीच्या लाल वाळूच्या टेकड्यांवर सापडतात. त्या टेकड्यांना तिथे तेरी म्हणतात. समुद्राच्या काठी शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या टोळ्यांची ही खूण.

आता तुमच्या ढिगाऱ्याकडे येतो. असे राखेचे ढिगारे शंभराहून अधिक नोंदले गेले आहेत आणि जवळजवळ सगळे कर्नाटकाचा ईशान्य भाग आणि त्याला लागून असलेल्या आंध्र-तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यात आहेत. पावसाच्या नकाशावर ते मांडून बघा, म्हणजे निम्मं कोडं सुटतं. इथे घनदाट जंगल होत नाही, झुडपं आणि गवत होतं. बैल-गाईंना याहून चांगली जागा नाही. इ.स.पू. 3000 च्या आसपास इथे गुराखी लोक स्थिरावायला लागले. त्यांच्याकडे वशिंडाची गुरं होती, शेळ्या-मेंढ्या होत्या, घोटून धार केलेल्या दगडी कुऱ्हाडी होत्या आणि हाताने केलेली राखाडी भांडी होती.

ढिगारा जवळून पाहिला असेल तर आठवा: सगळी राख एकसारखी नसते. मऊ, भुरभुरीत, पांढरट थर असतो, मग मध्येच काळपट-हिरवट काचेसारखा वितळून घट्ट झालेला थर. त्याचा तुकडा हातात घेतला तर दिसायला दगड, पण अंगाने हलका, आत बुडबुड्यांची भोकं. गवतात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, तो गुरांच्या पोटातून शेणात येतो आणि मोठ्या आगीत वितळतो. एकोणिसाव्या शतकात हे ढिगारे ज्वालामुखीचे आहेत इथपासून ते यज्ञाचे किंवा नरबळीचे आहेत इथपर्यंत तर्क झाले. फूटला शेणाचा संशय आला होता. पुढे झॉयनर या शास्त्रज्ञांनी शेण जाळून आणि राख तपासून तो नक्की केला.

शेण इतकं साठवलं का आणि पेटवलं का, हा पुढचा प्रश्न. पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी 1957 साली जुन्या महबूबनगर जिल्ह्यातल्या उत्नूरला खणलं तेव्हा राखेच्या थरांमध्ये कुंपणाच्या खांबांच्या खळग्या मिळाल्या आणि मुख्य म्हणजे गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. म्हणजे हा गुरांचा कोंडवाडा होता, शेण साचत जायचं आणि ठरावीक काळाने पेटवलं जायचं. ऑल्चिन यांनी त्याचा संबंध होळी-पोंगलसारख्या गुरांशी निगडित सणांच्या आगीशी लावला. नंतर पद्दय्या यांनी कर्नाटकातल्या बूदिहाळला ढिगाऱ्याच्या बाजूचीच जमीन खणली आणि तिथे घरं, पुरलेली माणसं आणि जनावरं कापून मांस वाटण्याची जागा असं सगळंच निघालं. तेव्हापासून मी या ढिगाऱ्यांना ओसाड माळावरचे तळ मानायचं सोडलं. निदान काही ठिकाणी तरी ते गावाचाच भाग होते. काही जण म्हणतात की ढिगारा मुद्दाम उंच करत नेला, तो दुरून दिसावा म्हणून, आणि त्यात मानाचा भाग होता. मला यात तथ्य वाटतं. साधा उकिरडा असता तर ते शेण इतक्या पद्धतशीरपणे, पुनःपुन्हा, एकाच जागी जाळलं नसतं. पण सगळ्या ढिगाऱ्यांना एकच उत्तर लागू होईल असं मात्र नाही.

वालीची चिता म्हणणारा गाइड थापा मारत नव्हता, हेही सांगायला हवं. आनेगुंदीच्या परिसराला किष्किंधा मानतात, आणि तिथे राखेचा एवढा मोठा ढीग दिसल्यावर तो कुणाच्या तरी चितेचा असणार हे ओघानेच आलं. मला तर सर्वेक्षणात अशा कथा फार उपयोगी पडतात. ‘इथे राक्षसाला जाळला’ असं गावात कुणी म्हणालं की त्या दिशेला आधी जायचं.

हे लोक खात काय होते, हा माझा आवडता भाग. बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या टेकड्यांवर इ.स.पू. 2000 नंतरच्या वस्त्या आहेत. तिथली माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे गाळून घेतात. त्यांत सापडले हुलगे, मूग आणि दोन बारीक भरडधान्यं. चारही पिकं कोरडवाहू, पावसाळ्यातली. हुलगा आणि मूग यांची लागवड दक्षिणेतच सुरू झाली असावी असं त्यावरून मानतात. गहू आणि जव थोडे नंतर आणि थोडेच मिळतात, भात त्याच्याही मागाहून. म्हणजे ‘दक्षिण म्हणजे भात’ हे समीकरण त्या काळाला लागू पडत नाही. आणि आपल्याकडे त्याच सुमारास काय होतं? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला, इ.स.पू. 1600 ते 700 या काळात, काळ्या मातीत मुख्य पीक जवाचं होतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना अनोळखी नव्हती. बळ्ळारीकडच्या तेक्कलकोट्याला आपल्या महाराष्ट्रातल्या जोर्वे पद्धतीच्या भांड्यांची खापरं मिळालीत. पण जमीन आणि पाऊस वेगळा, म्हणून ताटातलं धान्यही वेगळं.

संगनकल्लूच्या हिरेगुड्डा टेकडीवर ग्रॅनाइटमधून काळ्या डोलेराइटची एक भिंत आरपार गेली आहे. त्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवण्याचा तिथे अक्षरशः कारखाना होता. पायाखाली छिलके आणि अर्धवट सोडलेल्या कुऱ्हाडींचा खच. वर कातळांवर वशिंडाच्या बैलांची चित्रं कोरलेली, आणि काही धोंडे असे की गोट्याने ठोकले तर घंटेसारखा नाद येतो. त्यांच्यावर ठोकून ठोकून झालेल्या गुळगुळीत वाट्या आजही दिसतात.

इ.स.पू. 1200 च्या पुढेमागे लोखंड रुळायला लागतं आणि त्याबरोबर मोठ्या दगडांची दफनं. पाठ्यपुस्तकात यांना ‘महापाषाणीय संस्कृती’ असं एक नाव देऊन मोकळं होतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एक जमात आली आणि दक्षिणभर थडगी बांधत गेली. मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, थडग्याचा प्रकार बघण्याआधी त्याखालचा खडक बघ.

हंपीच्या उत्तरेला, गंगावतीच्या पुढे हिरेबेणकल आहे. तिथे ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात, जाड फरशीसारखे. त्यामुळे तिथे चार फरशा उभ्या करून वर पाचवी ठेवलेल्या कोठड्या आहेत, शेकड्यांनी, काहींच्या पुढच्या फरशीला गोल भोक पाडलेलं. केरळात मलबारच्या बाजूला उतरा. तिथे जांभा दगड. तो ओला असताना कोरायला सोपा आणि हवेवर कडक होतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तर तिथे लोकांनी जमिनीखाली जांभ्यातच घुमटाच्या खोल्या कोरल्या, आणि वर छत्रीसारखे किंवा टोपीसारखे दगड बसवले. कुडक्कल्लू आणि तोप्पिक्कल्लू ही त्यांची तिथली नावं. विदर्भात बेसॉल्टच्या फरशा निघत नाहीत, धोंडे निघतात. म्हणून नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला धोंड्यांची वर्तुळं आहेत, मध्ये दगड-मातीची रास, आणि काही धोंड्यांवर रांगेने कोरलेले छोटे खळगे. तमिळ प्रदेशात नद्यांच्या काठी मोठाले मातीचे रांजण, त्यांत अस्थी किंवा सगळा माणूस गुडघे मुडपून.

अर्थात खडकाने सगळंच ठरतं असं नाही. ताम्रपर्णीकाठी आदिचनल्लूरला रांजण आहेत, पण ते पुरलेत कडक खडकाळ माळात, खड्डे फोडून. शेजारीच मऊ गाळाची जमीन असताना एवढी मेहनत का घेतली? मला वाटतं, उत्तर सरळ आहे: ती गाळाची जमीन जिवंत माणसांच्या पिकासाठी राखलेली होती. मेलेल्यांना माळ आणि जिवंतांना ओलिताची जमीन, ही वाटणी मला दुआबातही दिसली आहे आणि विदर्भातही.

या सगळ्या दफनांत काही वस्तू मात्र समान असतात. आतून काळी आणि बाहेरून तांबडी खापरं, लोखंडी हत्यारं, अकीकाचे मणी. नागपूरजवळ माहुरझरीला तांब्याचे दागिने घातलेले घोडे पुरलेले मिळाले, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. म्हणजे चालीरीतींचं, वस्तूंचं आणि कारागिरांचं जाळं मोठं होतं. पण त्यावरून सगळे एका रक्ताचे आणि एका भाषेचे होते, असं निघत नाही.

लोखंडाच्या तारखांबद्दल अलीकडे बरीच चर्चा आहे, तुमच्याही वाचनात आली असेल. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने शिवगळै इथल्या नमुन्यांवरून लोखंडाचा वापर इ.स.पू. 3345 पर्यंत मागे जातो असं जाहीर केलं. तारखा चांगल्या प्रयोगशाळांतून आल्या आहेत आणि त्या झटकून टाकण्याचं कारण नाही. पण तेवढ्यावर इतिहास फिरला असंही मी म्हणणार नाही. त्याच काळाचं लोखंड दुसऱ्या खोऱ्यांत, दुसऱ्या लोकांनी केलेल्या उत्खननात, भट्टीसकट मिळू दे. मदुराईजवळच्या कीळडीचंही तसंच. तिथल्या विटांच्या वस्तीची सुरुवात इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत नेली जाते. त्या तारखांवर भांडण आहे, पण वैगैच्या काठी बऱ्यापैकी जुनी नागरी वस्ती होती याबद्दल आता फार कुणी शंका घेत नाही.

इथवरचं एका दमात: लाखो वर्षांपूर्वीचे दगडी हत्यारवाले, मग शिकारी टोळ्या, मग कोरड्या पठारावरचे गुराखी आणि हुलगे-मूग पिकवणारे, मग लोखंड वापरणारे आणि आपापल्या खडकात थडगी बांधणारे. यातला एक गट गेला आणि दुसरा आला, असं क्वचितच घडलं. ते बहुतेक वेळा शेजारी शेजारी राहिले.

हे शेजारपण प्राचीन तमिळ संगम कवितेत फार नेमकं आलं आहे. तिथे भूमीचे पाच प्रकार आहेत. कुरिंजी म्हणजे डोंगर, तिथे कुरवर, मध गोळा करणारे आणि राळे पिकवणारे. मुल्लै म्हणजे झुडुपी कुरणं, तिथे आयर, गुराखी. मरुदम म्हणजे नदीकाठची भातखाचरं, तिथे उळवर, शेतकरी. नेय्दल म्हणजे किनारा, तिथे परदवर, कोळी आणि मिठागरवाले. पाचवी पालै, ती वेगळी जमीन नव्हेच. उन्हाळ्यात डोंगर आणि कुरण करपलं की त्याची पालै होते, आणि तिथे वाटमारे मरवर आणि एयिनर. ही कविता आहे, जनगणना नव्हे. पण पावसाच्या छायेत काम केलेल्या माणसाला ती पाचवी भूमी लगेच पटते. हेच निलगिरीत अगदी अलीकडेपर्यंत डोळ्यांनी बघता येत होतं: वरच्या कुरणावर म्हशी राखणारे तोडा, त्यांना लोखंड आणि भांडी पुरवणारे कोटा, उतारावरच्या जंगलात कुरुंबा आणि इरुळा, आणि म्हैसूरच्या बाजूने मागाहून आलेले शेतकरी बडगा. एकाच डोंगरावर, प्रत्येकाची उंची ठरलेली.

लेखी पुरावा सुरू होतो तेव्हाही दक्षिण अनेकवचनीच दिसते. सम्राट अशोकाच्या लेखात चोळ, पांड्य, सतियपुत, केरळपुत अशी नावं वेगवेगळी येतात. ‘द्रविड’ असा एक समाज त्यात नाही. त्याचे स्वतःचे लेख मस्की, ब्रह्मगिरी इथपर्यंत, म्हणजे पुन्हा आपल्या त्या सोन्या-लोखंडाच्या पट्ट्यापर्यंतच आहेत. मस्कीचा लेख 1915 साली सापडला तोही सोनं शोधणाऱ्या एका इंजिनिअरला. इतर लेखांत राजा म्हणून येणारा ‘देवानंपिय’ म्हणजेच अशोक, हे त्या लेखातल्या नावामुळे पक्कं झालं.

आता द्रविड. हा शब्द आज वापरतात तो मुळात भाषांच्या कुळासाठी. एफ. डब्ल्यू. एलिस यांनी 1816 मध्ये दक्षिणेतल्या भाषा संस्कृतपासून निघालेल्या नाहीत, त्यांचं कूळ वेगळं आहे, असं मांडलं आणि 1856 मध्ये कॉल्डवेल यांच्या व्याकरणाने ते रुळवलं. भाषेचं कूळ म्हणून ते भक्कम आहे. या कुळाच्या फाटाफुटीचं वय काढणाऱ्या 2018 च्या एका अभ्यासात ते साडेचार हजार वर्षांच्या आसपास निघालं, म्हणजे आपल्या राखेच्या ढिगाऱ्यांचाच काळ. यावरून ते गुराखी द्रविड भाषा बोलत असतील असं अनेक जण मानतात. शक्य आहे, मलाही तसंच वाटतं. पण हे काळ जुळण्यावरून काढलेलं अनुमान आहे, कारण त्या लोकांनी लिहून काहीच ठेवलं नाही.

वंशाच्या अंगाने पाहिलं तर जनुकशास्त्र सांगतं ते दोन्ही बाजूंच्या घोषणा देणाऱ्यांना गैरसोयीचं आहे. आजच्या दक्षिण भारतीयांत एक फार जुना, उपखंडातल्या शिकारी लोकांचा वारसा आहे. तो पणिया, इरुळा यांसारख्या जमातींत जास्त प्रमाणात मिळतो. त्यात वायव्येकडच्या, सिंधू संस्कृतीच्या परिघातल्या लोकांशी जुळणारा दुसरा वारसा मिसळलेला आहे, आणि ही सरमिसळ इ.स.पू. 2000 नंतर मोठ्या प्रमाणावर झाली असं 2019 च्या मोठ्या अभ्यासात दिसतं. गवताळ मध्य आशियातला तिसरा अंश दक्षिणेत उत्तरेपेक्षा कमी, पण गटागटांनुसार बदलता. तेव्हा ‘मूळचे की बाहेरचे’ याला उत्तर: दोन्ही, आणि प्रत्येकाच्या अंगात दोन्ही. दक्षिणेच्या उष्ण-दमट हवेत जुन्या हाडांमधला डीएनए फार टिकत नाही, म्हणून हे बरंचसं आजच्या माणसांवरून आणि दूरच्या सांगाड्यांवरून काढलेलं आहे.

भाषा आणि रक्त वेगळं ठेवा असं मी का म्हणतो, याचं एक उदाहरण पुरे. नल्लमलै डोंगरातले चेंचू पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कंदमुळं आणि मधावर जगत आले. ते बोलतात तेलुगू, जी त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्यांची भाषा आहे. उलट आपल्या यवतमाळच्या बाजूचे कोलाम, गडचिरोलीतले माडिया मराठी मुलखात राहून द्रविड कुळातली भाषा सांभाळून आहेत.

इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येतं. महाराष्ट्र कुठे धरायचा, तर कशासाठी विचारताय त्यावर आहे. खडक बघाल तर तो स्वतःचाच, बेसॉल्टचा. नद्या बघाल तर गोदावरी-कृष्णा त्याला दक्षिणेत ओढतात आणि तापी-नर्मदा त्याची उत्तरेची कड आखतात. ताम्रपाषाण काळात, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरात होते तेव्हा, इनामगाव आणि दायमाबाद या आपल्याकडच्या वस्त्यांचा ओढा माळव्याकडे जास्त आहे. लोखंडाच्या काळात विदर्भाची शिळावर्तुळं सरळ दक्षिणेच्या रिवाजात बसतात. गोवा-कोकणाचा जांभ्याचा सडा तर खाली मलबारपर्यंत चालत जातो. मला स्वतःला ‘उत्तर की दक्षिण’ यापेक्षा ‘कुठल्या शतकात’ हे विचारलेलं जास्त आवडतं.

पुन्हा त्या बाजूला गेलात तर हंपीवरून दोन दिवस जास्त काढा. एक हिरेबेणकलसाठी. चढ आहे, वर दुकान नाही, पाणी सोबत न्या. दुसरा बळ्ळारीसाठी. तिथे फूटच्या नावाचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, ते आधी बघा आणि मग संगनकल्लूला जा, म्हणजे कातळावर काय शोधायचं ते कळेल. डिसेंबर-जानेवारी बरा, उन्हाळ्यात तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. बैलांची कोरीव चित्रं सकाळी लवकर किंवा चारनंतर तिरप्या उन्हात दिसतात, भर दुपारी समोर असूनही दिसत नाहीत. आणि राखेच्या ढिगाऱ्याचा तुकडा आठवण म्हणून आणू नका. शेतात खत म्हणून आणि रस्त्याच्या कामात हे ढिगारे आधीच बरेच गेलेत. निंबापूरचा अजून आहे, तर फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवा आणि काचेसारखा थर जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टिपून घ्या. तो फोटो इथे टाकलात तर थरांबद्दल आणखी काही सांगता येईल.